भाव आणि मूल्य : भागबाजारातील दोन वाटा

(मंडळाच्या केंदूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ‘विषय कोणता?’ म्हणून आम्ही विचारले. ‘आपल्या मनाला येईल तो,’ असे उत्तर मिळाले. आम्ही मॅट्रिक झालेलो व त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेले प्राथमिक शिक्षक. पाढे, उजळणी व शुद्धलेखन यांपलीकडे आमचा अधिकार नाही. असे असता आज आम्ही भागबाजारावर, म्हणजे शेअर बाजारावर बोलणार आहोत, हे ऐकून काही मंडळींच्या मुखावर हसू उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. ते हसू आम्ही मान्य करतो. परंतु ज्या कारणाने हा विषय निवडला ते कारण हसण्याचे नाही, आणि ते व्याख्यानाच्या ओघात आपणांस कळेल.

आमचे केंदूर हे संत कान्हुराज पाठकांचे गाव. पर्जन्यछायेचा पट्टा. वेळ नदीला पाणी असले तर असते, नसले तर नुसती वाळू. अशा गावात पैसा पूर्वी दोनच मार्गांनी येई. एक बाजरी-कांद्याचा आणि दुसरा पुण्या-मुंबईच्या चाकरीचा. गेल्या तीसेक वर्षांत रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या बाजूस कारखाने उभे राहिले. कोणास नोकरी लाभली, कोणाच्या जमिनीस भाव आला, कोणी सेवानिवृत्त होऊन एकरकमी रक्कम घरी आणली. पैसा आला, की तो कोठे ठेवावा हा प्रश्न येतोच. पूर्वी आपल्या संमेलनात मंडपाच्या मागल्या बाजूस सोयरिकीच्या गोष्टी चालत. आता तेथे तरुण मंडळी मोबाईल पुढे धरून कोणता भाग किती वर गेला हे एकमेकांस दाखवीत असतात. यात वाईट काही नाही. परंतु ज्या विद्येच्या आधारे ते हे करतात, त्या विद्येचे दोन पंथ आहेत, आणि या दोहोंची गल्लत झाली म्हणजे घर कसे बसते, हे आम्ही आमच्याच ओसरीवर पाहिले आहे.

प्रथम या बाजाराची थोडी पूर्वपीठिका सांगतो. मुंबईस टाउन हॉलजवळच्या वडाखाली दलाल मंडळी जमत, तेथून या व्यवहाराचा आरंभ झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या, नव्या पेढ्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे भाग मूळ रकमेच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ साली युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि त्या वर्षीच्या जुलैत सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेसारखी पेढी त्या धक्क्यातून सावरली नाही. त्या काळचा प्रमुख व्यापारी प्रेमचंद रायचंद याचेही अपरंपार नुकसान झाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्याच गृहस्थाच्या देणगीतून, त्याच्या मातोश्रींच्या नावाने, १८७८ साली पुरा झाला. पुढे १८७५ साली दलालांनी आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. या बाजाराचा निर्देशांक १९७८-७९ साली १०० धरला होता. तो २०२४ सालच्या जुलैत ८०,००० च्या वर गेला. म्हणजे हा बाजार बुडवितो हे जितके खरे, तितकेच तो धीराच्या माणसास वाढवितो हेही खरे. बुडणारा आणि वाढणारा यांत भेद काय, हाच आजचा प्रश्न आहे.

आता त्या दोन पंथांकडे वळू. आपणां सर्वांस कांदा ठाऊक आहे, म्हणून कांद्याचेच उदाहरण घेतो. चाकणच्या बाजारात दोन व्यापारी उभे आहेत अशी कल्पना करा. पहिला व्यापारी पिशवीत हात घालतो, कांदा दाबून पाहतो, मान सुकली आहे की नाही, पत्ती किती आहे, चाळीत किती महिने टिकेल, याचा अंदाज घेतो आणि मग म्हणतो, ‘हा माल इतक्या रुपयांचा आहे.’ त्या दिवशीचा पुकारलेला भाव त्याहून कमी असेल तर तो घेतो, जास्त असेल तर हात मागे घेतो. दुसरा व्यापारी कांद्यास हातही लावीत नाही. आवक किती झाली, कालचा भाव काय होता, परवाचा काय होता, बोली चढत आहे की थंडावत आहे, एवढेच तो पाहतो आणि म्हणतो, ‘भाव आणखी चार दिवस चढेल.’ पहिल्याने मालाचे मूल्य पाहिले, दुसऱ्याने बाजाराची चाल पाहिली. पहिल्याच्या विद्येस मूलभूत विश्लेषण म्हणतात, दुसऱ्याच्या विद्येस तांत्रिक विश्लेषण.

मूलभूत विश्लेषणाचा आचार्य म्हणून बेंजामिन ग्रॅहॅम याचे नाव घेतले जाते. १९२९ च्या अमेरिकेतील प्रचंड घसरणीत त्याचे स्वतःचे पैसे बुडाले होते. त्या अनुभवातून तावून निघाल्यावर त्याने डेव्हिड डॉड याच्यासह १९३४ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९४९ साली सामान्य गुंतवणूकदारासाठी दुसरा. त्याच्या शिकवणीचे सार असे, की भाग म्हणजे कागदाचा तुकडा नव्हे, एका चालत्या धंद्यातील तो आपला वाटा होय. मग धंदा विकत घेताना शहाणा माणूस जे पाहील ते येथेही पाहावे. कंपनीवर कर्ज किती? नफा पाच-दहा वर्षे सातत्याने होतो आहे, की एखाद्याच वर्षी झाला? कागदावरील नफा रोख रकमेच्या रूपाने तिजोरीत येतो, की उधारीतच राहतो? चालकांनी आपले स्वतःचे भाग गहाण तर टाकलेले नाहीत ना? हिशेबतपासनिसाने अहवालात काही शेरा मारला आहे काय? मग भावाचा प्रश्न येतो. समजा, एका भागामागे कंपनीस वर्षाला १० रुपये नफा होतो आणि भाव २०० रुपये आहे. म्हणजे आपण एका रुपयाच्या नफ्यासाठी २० रुपये मोजतो. हे २० स्वस्त की महाग, हे त्या धंद्याच्या वाढीवर आणि भरवशावर ठरते. आणि आपला अंदाज चुकू शकतो, म्हणून ठरलेल्या मूल्याहून बऱ्याच कमी भावाने घ्यावे, हे ग्रॅहॅमचे सर्वांत मोलाचे सांगणे. पूल दहा टनांचा बांधून त्यावरून तीन टनांची गाडी नेण्यासारखे हे आहे.

तांत्रिक विश्लेषणाच्या मुळाशी चार्ल्स डाऊ हा अमेरिकन पत्रकार आहे. भावांच्या सरासरीवरून बाजाराची दिशा ओळखण्याचा विचार त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला, आणि १९०२ साली तो वारल्यावर इतरांनी त्यास शास्त्राचे रूप दिले. या पंथाचे म्हणणे असे, की जे कोणास ठाऊक आहे ते सर्व भावात उतरलेलेच असते, आणि माणसाचा लोभ व भीती पिढ्यानपिढ्या बदलत नाही. म्हणून भावाच्या आलेखात त्याच त्या आकृती पुनःपुन्हा दिसतात. प्रत्येक नवे शिखर आधीच्या शिखराहून उंच आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळाहून वर असेल, तर चाल चढती समजावी. याच्या उलट असेल तर उतरती. चढत्या भावाबरोबर उलाढालही वाढली तर त्या चालीत जीव आहे. भाव जेथे वारंवार थांबून वर वळतो तो आधार, जेथे वारंवार अडतो तो अडथळा. भाव गेल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे की खाली, हेही ही मंडळी पाहतात. आणि त्यांच्या विद्येतील सर्वांत शहाणा नियम असा, की घेण्यापूर्वीच ‘भाव इतका उतरला तर मी तोटा सोसून बाहेर पडेन’ हे ठरवून ठेवावे. त्यास ते स्टॉप लॉस म्हणतात.

आता यांतील खरी विद्या कोणती, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ जण विचारतात. आमच्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्नच चुकीचा आहे. पेरणीपूर्वी आपण जमिनीची ओल पाहतो आणि आभाळही पाहतो. आभाळ पाहून ओल कळत नाही आणि ओल पाहून पाऊस कळत नाही. दोन्ही विद्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘हा धंदा दहा वर्षे माझे पैसे सांभाळील काय?’ या प्रश्नाचे उत्तर आलेखात नाही. ‘येत्या महिन्यात लोक या भागाचे काय करतील?’ या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात नाही. अनर्थ होतो तो एका प्रश्नास दुसऱ्याचे उत्तर जोडल्याने. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ते कसे शिकलो, ते आता सांगतो.

२०१६ साली आम्ही सेवानिवृत्त झालो. हाती आलेल्या रकमेतील मोठा भाग बँकेत ठेवला आणि थोडा भाग एका कंपनीत घातला. शाळेतील सवयीप्रमाणे त्या कंपनीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल वहीत उतरवून काढले होते. कर्ज जवळजवळ नाही, नफा सातत्याचा, लाभांश एकही वर्ष चुकलेला नाही. आम्ही वहीत लिहिले, ‘दहा वर्षांसाठी घेतले.’ पुढे २०२० सालचा मार्च उजाडला. महामारीच्या भयाने २३ मार्च रोजी निर्देशांक एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला. त्याच आठवड्यात आमच्या पुतण्याने मोबाईलवर आलेख दाखविला. ‘तात्या, आधार तुटला आहे. आता तळ नाही,’ असे तो म्हणाला. आमचे धैर्य खचले. आम्ही सर्व भाग विकून टाकले आणि सुमारे ८० हजार रुपयांचे नुकसान पदरात घेतले. त्या वर्षीच्या अखेरीस निर्देशांक ४७,००० च्या पुढे होता, आणि आम्ही विकलेला भाग आमच्या खरेदीच्या भावाच्याही वर गेला होता.

पुतण्याचा आलेख खोटा होता काय? नव्हता. आधार खरोखरच तुटला होता. परंतु आम्ही कंपनीचा धंदा पाहून घेतले होते, आणि धंद्यात काय बिघडले हे वही उघडून न पाहता आलेख पाहून विकले. घेताना ओल पाहिली, विकताना आभाळ पाहिले. दोष विद्येचा नव्हता, आमचा होता.

आता त्या पुतण्याचीच हकिकत. ती त्याच्या संमतीने सांगतो. तो एका कारखान्यात नोकरीस आहे. मुलगा हुशार आणि आलेख वाचण्यात आमच्याहून कितीतरी तरबेज. २०२१ साली बाजार चढत असता त्याने आलेख पाहून एका लहान कंपनीचे भाग घेतले. शंभरास आठ रुपये उतरले तर बाहेर पडायचे, असे त्याचे ठरले होते. भाव आठ रुपये उतरला. तो बाहेर पडला नाही. आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘तात्या, कंपनी चांगली आहे. मोठा ठेका मिळणार आहे.’ जो मुलगा आजवर कधी ताळेबंदाचे पान उलटीत नव्हता, तो आता मूलभूत विश्लेषणाची भाषा बोलू लागला! भाव आणखी उतरला, तेव्हा सरासरी कमी करण्यासाठी त्याने आणखी घेतले. अखेर त्या भागाची किंमत चौथाईवर आली. घेताना आभाळ पाहिले आणि पाऊस न आल्यावर ओलीचा आधार शोधला. आमच्याच चुकीचे हे दुसरे अंग.

गोष्ट येथेच थांबती तर बरे होते. गेलेले पैसे लवकर भरून काढावे म्हणून तो ऑप्शन्सच्या व्यवहारात शिरला. हा वायद्याचा प्रकार आहे. यात थोड्या रकमेवर मोठा सौदा होतो, आणि मुदत संपली की ऑप्शन घेणाऱ्याने भरलेली रक्कम शून्यही होते. काही दिवस नफा झाला. मग पतसंस्थेचे कर्ज, मग सूनबाईंचे दागिने. एके रात्री आमच्या वहिनी पदराचे टोक मुठीत धरून दारात उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. चार लाख साठ हजार रुपये गेले होते. दोन हंगामांचा कांदा आणि आमच्या ठेवीतील काही भाग घालून कर्ज फिटले. दागिने अद्याप पुरते सुटलेले नाहीत. तो मुलगा आज याच मंडपात पाण्याची व्यवस्था पाहतो आहे. ‘तात्या, सांगा. कोणाचे तरी वाचेल,’ असे त्यानेच आम्हांस सांगितले, म्हणून आमचे धाडस झाले.

त्याच्यासारखा तो एकटा नाही. भागबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या सरकारी मंडळाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत भागांच्या वायदे-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांचे नुकसान झाले, आणि एकूण नुकसानीचा आकडा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. एका दिवसात घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांविषयी त्याच मंडळाने सांगितले, की २०२२-२३ साली दहांपैकी सात जण तोट्यात राहिले. वर्गात शंभरांपैकी ९३ मुले नापास झाली, तर आम्ही मुलांस दोष देण्यापूर्वी ती परीक्षा त्यांच्यासाठी आहे काय, असे विचारू.

कोणी म्हणेल, तर मग आलेख सोडून फक्त ताळेबंद वाचावेत. तेथेही सावधगिरी हवी. १९९२ सालचे हर्षद मेहता प्रकरण वडीलधाऱ्यांस आठवत असेल. एसीसी या सिमेंट कंपनीचा भाग सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास नेण्यात आला. तेव्हा असे सांगितले जाई, की असा कारखाना आज नव्याने उभारण्यास किती खर्च येईल ते पाहा, म्हणजे हा भाव योग्य वाटेल. युक्तिवाद मूलभूत विश्लेषणाचा दिसत होता. प्रत्यक्षात भाव चढत होता तो बँकांतून गैरमार्गाने आलेल्या पैशाने. त्या वर्षीच्या एप्रिलात सुचेता दलाल या पत्रकार भगिनीने ते प्रकरण उजेडात आणले आणि बाजार गडगडला. दुसरे उदाहरण सत्यम कंपनीचे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखविलेली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. भाग एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला. ज्यांनी ते ताळेबंद मनापासून अभ्यासले होते, त्यांचा अभ्यास खोट्या आकड्यांवर उभा होता. म्हणून कितीही अभ्यास केला तरी सारे पैसे एका कंपनीत घालू नयेत.

आता उपदेश थोडक्यात करतो. शिक्षकाची खोड आहे, क्षमा असावी.

पहिली गोष्ट, वर्षभराचा घरखर्च, मुलांचे शिक्षण, आजारपण आणि लग्नकार्य यांचा पैसा या बाजारात घालू नये. कर्जाचा आणि दागिन्यांचा तर मुळीच नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे जितकी लागू पडते तितकी कोठेच नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक घरात एक वही असावी. भाग घेण्यापूर्वी तीत तीन ओळी लिहाव्यात. का घेतला, किती काळासाठी घेतला आणि काय घडले तर विकणार. ज्या कारणाने घेतला त्याच कारणाने विकावा. आलेख पाहून घेतला असेल, तर ठरलेल्या भावाला निमूटपणे बाहेर पडावे आणि कंपनीच्या चांगुलपणाची आठवण काढू नये. धंदा पाहून घेतला असेल, तर धंद्याची वही तपासावी आणि रोजच्या भावाने झोप उडवून घेऊ नये.

तिसरी गोष्ट, ती वही घरातील गृहिणीस वाचून दाखवावी. आमच्या पुतण्याने सूनबाईंस तीन ओळी वाचून दाखविल्या असत्या, तर चौथी ओळ लिहिण्याची वेळ आली नसती, असे आम्हांस मनापासून वाटते. जो व्यवहार घरात मोठ्याने सांगता येत नाही, तो व्यवहार करू नये.

चौथी गोष्ट, मोबाईलवर अनोळखी माणूस ‘हा भाग घ्या, दुप्पट होईल’ असे फुकट सांगतो, तेव्हा तो आपला भाग आपल्या गळ्यात घालीत असण्याचा संभव अधिक. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे की नाही हे पाहता येते, ते पाहावे. आणि ज्यास ताळेबंद वाचण्यास वेळ नाही व आलेख वाचण्याची आवड नाही, त्याने दरमहा थोडी रक्कम निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात घालून आपल्या कामास लागावे. तोही चढउतारापासून मुक्त नाही, पण दोन पंथांच्या भांडणापासून तरी मुक्त आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी या कोरडवाहू मातीत पैसा जोडला, तो पाऊस हाती नसताना जोडला. जे हाती नाही त्याचे भय त्यांनी बाळगले नाही, आणि जे हाती आहे ते सोडून ते पळाले नाहीत. भाव आपल्या हाती नाही. वही, नियम आणि घरातला मोकळेपणा एवढे आपल्या हाती आहे. पुढील वर्षीच्या संमेलनात आमच्या सूनबाई आपले सोडविलेले दागिने घालून या मंडपात येतील अशी आम्हांस आशा आहे, आणि आपणां कोणाच्याही घरच्या लक्ष्मीवर तशी वेळ येऊ नये अशी आमची प्रार्थना आहे.



— एक सेवानिवृत्त शिक्षक, केंदूर